विळ्याखालची हळद

ते प्रकरण निघाले की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. दोन हजारच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा लंडनमध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट होतो.

एजवेअरमध्ये एका दिवंगत मराठी डॉक्टरांच्या पत्नी एकट्या राहत. सगळे त्यांना काकूच म्हणत. गुडघ्याचे ऑपरेशन करून त्या घरी परतल्या, तर भिंतीवरचे चित्र गायब! जुने फ्रेंच तैलचित्र. कापणी थांबवून भाकर खाणारे शेतकरी कुटुंब आणि पुढे विळा घेऊन उभी असलेली बाई. एका पेशंटने ते डॉक्टरांना भेट दिले होते. दार फोडलेले नव्हते. दुसरी चावी होती फक्त काकूंची देखभाल करणाऱ्या केअररकडे. ती सांगलीकडून आलेली, व्हिसावर राहणारी तरुण बाई. गुन्हा तिच्यावर शेकला असता तर नोकरी गेलीच असती, शिवाय देशही सोडावा लागला असता.

टेप सुरू करून, तिचा वकील शेजारी बसवून, मी तिला तीन तास चावीवरच घोळवले. ती नुसती रडत होती. चोराच्या मनात चांदणे, असे मी मनाशी म्हटले.

आम्ही चित्राचे वर्णन सगळीकडे पाठवले होते. आठवड्याने एडिनबराच्या एका लिलावघरातून फोन आला की तसेच चित्र विकायला आले आहे. मी पहिली ट्रेन पकडली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिथल्या तज्ज्ञाने मात्र माझ्या उत्साहावर पाणीच ओतले. शेतकऱ्यांची अशी चित्रे त्या काळी ढिगाने निघत, म्हणाला. काकूंकडे धड फोटोही नव्हता. आणि तिथे बोलावून घेतलेला विकणारा छातीठोकपणे सांगत होता की आजोबांनी ते फ्रान्सहून आणले.

मी चित्राला जवळजवळ नाक लावले. विळ्याच्या बरोबर खाली, फ्रेमच्या नक्षीत काहीतरी पिवळे बसले होते आणि त्यात लाल कण होते. तज्ज्ञ म्हणाला, जुने व्हार्निश. अहो, कसले व्हार्निश! तिथूनच काकूंना फोन लावला आणि फ्रेमला कधी काही लावले होते का, एवढेच विचारले.

“दर दसऱ्याला हळदकुंकू वाहते ना,” काकू म्हणाल्या. “अवजारं पुजायला नकोत का? माझ्या या लंडनच्या सेमी-डिटॅच्ड घरात विळा कुठला? मग त्या बाईच्याच विळ्याची पूजा. पेंटिंग खराब व्हायला नको म्हणून फ्रेमला लावते.”

मी त्या विकणाऱ्या गृहस्थाला विचारले, तुमचे आजोबा दसरा करायचे का? त्याला काही कळेना. समजावून सांगितले तेव्हा चेहरा खर्रकन उतरला. स्थानिक पोलिसांसमोर त्याने संध्याकाळपर्यंत सगळे कबूल केले. काकूंच्या घराच्या खिडक्या त्यानेच बसवल्या होत्या आणि तेव्हाच चावी बनवून घेतली होती.

उड्या मारतच मी केअररला बातमी द्यायला गेलो. हळदीचा शोध मीठमसाला लावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“मला माहीत होतं, साहेब,” ती म्हणाली. “मी रोज ती फ्रेम पुसायचे. त्या कोपऱ्याला डस्टर लावायचं नाही, असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही मला फक्त चावीचंच विचारलंत.”

मी तिची माफी मागितली. पुढच्या नोकरीत प्रत्येक संशयिताला पहिला प्रश्न मी एकच विचारला: तुम्हाला काय सांगायचे आहे?