जाळीखालचं पाणी

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला मुलगा पुण्याहून आला आणि जाता जाता मला एक अट घालून गेला. "एकटी राहायचंय ना? राहा. एक वर्ष बघू. पण अडलीस आणि कुणाला हाक मारावी लागली, की बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं." आमचं घर जयगडच्या खाडीवर, उताराच्या वरच्या टोकाला. शेजारपाजार सगळा खाली, पाण्यालगत. मला राग पटकन येतो. "बघच तू," म्हटलं आणि अडकले.

मग माझी शाळा सुरू झाली. गॅसचं सिलिंडर बदलायला शिकले, कौल सरकलं तर शिडीवर चढून सारखं करायला शिकले. मोटरची तर मला भीतीच वाटायची, पण हिरवं बटण दाबलं की टाकी भरते आणि लाल दाबलं की मोटर थांबते, एवढं कळल्यावर मी गावभर तोऱ्यात फिरायला लागले. तरी आत कुठेतरी धाकधूक असायची. टाकी वाहिली की काय, शेगडी बंद केली की नाही, म्हणून वाटेतून परत यायचे. खरं सांगायचं तर कपाटाखाली एक बॅगही भरून ठेवली होती. वर एक मऊ, जुनी सुती साडी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ती नेसून काय करणार होते कोण जाणे, पण ठेवली होती.

मे महिन्यात वादळ आलं. पोफळी आडव्या झाल्या, आंब्यांचा खच पडला, विजेचे खांब मोडले आणि वरच्या रस्त्यावर दोन फणस आडवे पडले. फोनही गेला. दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं, की जणू काही झालंच नाही. मी मात्र ओटीवरून परसात आणि परसातून ओटीवर येरझाऱ्या घालत होते. नळ सोडून बघायचे. पाणी येणार नाही हे ठाऊक असायचं, तरी पुन्हा सोडून बघायचे. टाकी संपली होती. वादळात भरून घेतलेली भांडीही संपत आली होती.

परसात विहीर होती. ऐन मे महिन्यातही तिला पाणी होतं, गोडं आणि गार. पण तिच्यावर लोखंडी जाळी होती.

मांजर पडलं म्हणून नवऱ्याने ती बसवली होती. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात त्याने स्वतः कठड्याच्या चिऱ्यात भोकं पाडली, गज रोवले, सिमेंट भरलं. आता मोटर आहे, रहाट कशाला, म्हणून रहाट काढून टाकला. जाळीला एक छोटं दार ठेवलं आणि दाराला कुलूप. किल्ली खुंटीवर होती. मी ती घातली तर फिरेचना. इथल्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते मला काय सांगायला हवं? पण तो होता तोवर गंजलेलं कुलूप मी पाहिलंच नव्हतं. तेलाची बाटली घेऊन तो घरभर फिरायचा. बिजागऱ्या, कड्या, कुलपं. मी म्हणायचे, "डोक्याला तेल नाही आणि दाराला चंपी!" तो हसायचा आणि पुढच्या दाराकडे जायचा.

आता मी कुलपात तेल ओतलं, रॉकेल ओतलं, वरवंट्याने ठोकलं. कुलूप ढिम्म. शेवटी फुलपात्राला सुतळी बांधून ते जाळीच्या चौकोनातून खाली सोडलं. वर येईपर्यंत अर्धं पाणी हिंदकळून जायचं. तरी चिकाटीने एक पातेलं भरलं. दिवसभर तोच उद्योग. हात दुखले, मान आखडली, पण माझ्यापुरतं भागत होतं. कुणाला हाक मारावी लागली नाही, म्हणून मी स्वतःवर खूशच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या घरातली सून गडग्यापाशी येऊन उभी राहिली. नवरा तिचा मस्कतला, घरात म्हातारे सासू-सासरे आणि दोन लहान मुली. कडेवर रिकामी कळशी.

"काकी, आमचे बावेत दर्याचा पानी शिरला. सगला खारा झालाय. खारव्यांच्या बावेचापन तोच हाल. वायच पानी देनार काय?"

म्हणजे खालच्या साऱ्या विहिरी खारट झाल्या होत्या. मी पातेल्याकडे बघितलं. तिच्या कळशीच्या तळाला पुरलं असतं, तेवढंच. परसात भरलेली विहीर असताना मला माणसाला "नाही" म्हणायची वेळ आली होती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि राग? तो तर असा आला, की कुणाचा ते कळेना. मुलाचा, कुलपाचा, मला सोडून गेलेल्या माणसाचा, सगळ्यांचा.

"थांब गो जरा," म्हटलं आणि नारळ सोलायची पहार उपटून आणली.

कुलपाला हातच लावला नाही. गज लोखंडाचे, पण चिरा जांभ्याचा, तो पहारीपुढे किती टिकणार? हे मला कालही कळत होतं. पण ते काम त्याच्या हातचं होतं. सिमेंटवर एका जागी त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तेवढी जागा सोडून मी पहार मारायला लागले. मारताना रडत होते, ते तिने पाहिलं आणि कळशी खाली ठेवून पहारीला हात लावला. चिरा फुटला, गज सुटले, आणि आम्ही दोघींनी जाळी एका बाजूने उचलून उलथी टाकली.

दोर तिने आणला, होडीचा जाड दोर. रहाट नाही, त्यामुळे हातानेच ओढायचं. दोन बादल्यांत माझे तळवे सोलवटले. मी घरात गेले, कपाटाखालची बॅग ओढली, ती मऊ साडी काढून टराटरा फाडली. एक पट्टी माझ्या हाताला, एक तिच्या. तोवर खालच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन चढ चढायला लागल्या होत्या. आणखी पट्ट्या फाडाव्या लागल्या.

रस्ता मोकळा झाला त्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला, मागे पाण्याच्या बाटल्यांचे खोके. परसात बायकांची ही गर्दी. तो गोंधळून उभाच राहिला.

"फोन लागत नव्हता. जीव टांगणीला लागला होता माझा. कुणाला बोलावलंस मदतीला?"

"मी कुणालाच नाही. ह्याच आल्या पाणी मागायला."

त्याने माझे गुंडाळलेले हात पाहिले, फुटलेला कठडा पाहिला. विहिरीत डोकावून पाहिलं. मग बापाच्याच आवाजात म्हणाला, "जाळी परत बसवायला हवी. कुणीतरी पडेल."

"बसव. दार मोठं ठेव आणि कुलूप आणू नकोस. आणि त्याच्या अंगठ्याला धक्का लावलास तर याद राख."

तो वाकून कठड्याच्या सिमेंटवर काहीतरी शोधत राहिला. सापडल्यावर त्यावर त्याने आपला अंगठा ठेवला. मान वर न करताच विचारलं, "आणि बॅग? भरलेली असेल ना?"

"भरलेली होती."

मी ती ओढत ओटीवर आणली आणि उरलेल्या साड्या काढून घेतल्या. वादळाने पाडलेल्या कैऱ्यांचा ढीग कोपऱ्यात होता. त्या एकेक पुसून बॅगेत भरल्या. चेन लागेना, म्हणून दोराच्या तुकड्याने बांधली.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बॅगच तेवढी पुण्याला गेली. लोणचं घालायला माझ्या पुण्यातल्या सुनेला पुरेल एवढं होतं तिच्यात.