दूध तापलं की खरखर

एप्रिलचा शेवटचा रविवार. तालमीला नवा ॲम्प्लिफायर घेण्याचा ठराव, रक्कम अठरा हजार पाचशे. हजर चौघे: अध्यक्ष, खजिनदार, वस्ताद आणि मी. जुना मी स्वतः जोडला होता, सव्वीस वर्षांपूर्वी; आता तो संध्याकाळी खरखरायचा. माझी सही झाली की तो भंगारात जाणार होता.

"अण्णा, तुमचा डबा म्हशीगत सुस्कारं सोडतोय की," खजिनदार म्हणाले.

"सकाळी सोडत न्हाय."

"मग काय सकाळीच जत्रा भरवायची?"

मी सही केली नाही. आठ दिवस मागितले.

"दूध तापलं की त्यो बी तापतोय बघा," वस्ताद जाता जाता बोलले. पैलवानांचं दूध संध्याकाळी तासभर शेगडीवर आटतं आणि ॲम्प्लिफायरची फळी बरोबर शेगडीच्या वर. वायर कमी लागावी म्हणून ती मीच तिथे ठोकली होती.

आठ दिवस मोजलं. माइक काढून, स्पीकरच्या वायरींवर. सकाळी फळीवर सत्तावीस अंश, खरखर तीन मिलिव्होल्ट. संध्याकाळी सत्तेचाळीस अंश, बारा मिलिव्होल्ट. उष्णतेने प्रत्येक रेझिस्टर थोडी खरखर करतोच, पण वीस अंशांनी ती शेकडा तीनच वाढते. कानाला कळतसुद्धा नाही. इथे चौपट. म्हणजे सगळा डबा म्हातारा झालेला नाही, एखादाच भाग उष्णता सोसत नाही.

पुढच्या रविवारी तेच चौघे. दूध आटू दिलं, खरखर वाढली. मग शेगडी विझवून भांडं बाहेर नेलं, कारण स्पिरिट पेटतं. स्पिरिट उडताना गारवा येतो, म्हणून त्यात बुडवलेला कापसाचा बोळा एकेका भागाला लावत गेलो. सहा झाले, काही नाही. खजिनदार हसले. सातवा माइककडचा बारका ट्रान्झिस्टर. बोळा टेकला आणि खरखर बसली. उचलला, थोड्या वेळाने परत आली. पुन्हा करून दाखवलं.

"म्हंजे ह्याला नुसता ताप आलता?" वस्तादांनी विचारलं.

"व्हय. आणि तुम्ही आख्खा माणूस पुरायला निघालता."

खजिनदारांनीच ठराव फाडला. ट्रान्झिस्टर बदलला, फळी समोरच्या भिंतीला नेली. संध्याकाळचा आकडा आता तीनच.

तालमीने दिले ट्रान्झिस्टरचे आठ रुपये, दुकानदाराला. फळी हलवायचे दोनशे सुताराला मी दिले. ती चूक माझी होती.