तीन गावांची भाषा

पुलगावच्या एसटी स्टँडवर आईने पिशवी हातात दिली. म्हणाली, "बस्तान बसलं का मलेही नेजो." बाबा आधीच वारले होते. शिष्यवृत्तीवर शिकून घरातला पहिला ग्रॅज्युएट झालेला मी मोठ्या तोंडाने "नेतो" म्हणालो.

या देशाने मला नोकरी दिली, मान दिला. नावं ठेवणार नाही. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या रिकाम्या अपार्टमेंटमध्ये मी कार्पेटवर बसून जेवायचो. शेजारचे समदकाका हसले, "इंजिनियर होके जमीन पे?" दुसऱ्या दिवशी कुणीतरी टाकून दिलेली खुर्ची घेऊन आले. ते अफगाणिस्तानातल्या नूरिस्तानचे. त्यांच्याकडे म्हणे स्टुलावरच बसतात. त्यांची त्रेगामी भाषा जेमतेम तीन गावांत बोलतात. रशियन फौजा आल्या, गाव सुटलं. पेशावरच्या छावणीत काका उर्दू शिकले, काकू नाही शिकल्या. त्यांच्या गावात शेती बायकांची, शेळ्या आणि दूध पुरुषांचं. इथेही पनीर काकाच करायचे. काकूंना भांड्याला हात लावू देत नसत.

मग काकांना कॅन्सर निघाला. हॉस्पिटलने फोनवर दिलेला दुभाषी पश्तो बोलणारा. पश्तो काकूंना येत नव्हती, काकांनाही जेमतेम. शेवटी डॉक्टर मला इंग्रजीत सांगत, मी काकांना हिंदीत, काका काकूंना. एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही, पत्नीला सांगा. म्हणजे तेही काकांनीच सांगायचं. ते सावकाश, खूप वेळ बोलले. काकू ऐकत होत्या, मग एकदम त्यांनी काकांच्या तोंडावर हात ठेवला.

"काका, क्या बोला?"

"कुछ नहीं, बेटा. दूध जमाना सिखाया."

काका गेल्यावर काकू मला जिन्यात थांबवून काहीतरी विचारायच्या. मी हिंदीत, मराठीत, खुणांनी उत्तर द्यायचो. मशिदीतल्या अफगाण बायका आल्या, त्यांनाही कळेना. आता काकू विचारत नाहीत.

गावाकडचे तुम्ही सगळे विचारता, आईला अजून का नेलं नाही? तिच्या व्हिसाचे पेपर्स तयार होते. मीच कॅन्सल केलं. इथे तिचं सगळं बोलणं माझ्या एकट्याच्या जिवावर राहिलं असतं, आणि माझा काय भरवसा?

फोनवर ती म्हणते, "कधी नेतं रे मले?" मी "बघतो" म्हणतो. तेवढ्यात दारात भाजीवाली येते. आई फोन हातात धरूनच तिच्याशी वांग्यांवरून भांडते. मी मिनिटांचा हिशेब न करता ऐकत राहतो. तिचं ते दारातलं बोलणं, माझं घर आता तेवढंच आहे. ते मोडून तिला इथे आणायची हिंमत नाही, आणि फोनवरून नुसतं ऐकणाऱ्या मला त्यात जागा नाही.