साडूंनी झिजवलेली पँट

नव्या वस्तूचं नवेपण सहन न होणारा माणूस अख्ख्या भोपाळात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. सरकारी कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. केसाएवढा ओरखडा दिसला तरी माल परत! तोच माणूस निवृत्त होऊन मुलीच्या शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आला आणि नातीच्या कोऱ्या करकरीत जीन्स फॅशनसाठी जुन्या दिसाव्यात म्हणून बाल्कनीत बसून घासायला लागला. टाचा घासायची वजरी, पॉलिश पेपर, एवढंच नव्हे तर खोबऱ्याची किसणी! त्या घरची चटणी मी तेव्हापासून सोडली. डोळ्यांदेखत सगळं पाहूनही माझा विश्वास बसेना. त्यात आणि शिस्त कसली! शेजारची कॉलेजातली पोरगी जीन्स घेऊन आली, तर तिला स्टुलावर दहा वेळा उठबस करायला लावली आणि चुण्या पडतील तिथं खडूनं खुणा केल्या.

"मोबाइल किस जेब में रखती हो?"

"पीछे, दादाजी."

"बैठते समय?"

"निकाल लेती हूँ."

"मग तिथं झीज खोटी दिसेल," असं मला सांगून त्यांनी मागचा खिसा पुसून टाकला. म्हणजे खिशावरची खडूची खूण.

इथवर मी हसत होतो. पण माझा धंदा बारदान्याचा. करोंदच्या मंडीत फाटक्या पोत्यांना ठिगळं लावत मी उभा राहिलो. फाटकं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. साठीला आल्यावर माझ्या मुलीच्या हट्टानं पहिली जीन्स घेतली. भाव पटेना म्हणून दुकानाच्या पायऱ्या तीनदा उतरलो, तेव्हा कुठे मिळाली. लांबी कमी करायला साडूंच्या घरी मेहुणीकडे दिली. परत घ्यायला गेलो तर उजवा गुडघा पांढराफटक आणि दोरे बाहेर! माझी वाचाच गेली. परत आली तेव्हा सगळ्या क्वार्टरांत ऐकू गेली.

"गोणी मोजताना तुम्ही उजवा गुडघा टेकता," साडू शांतपणे म्हणाले, "डाव्याला मी हात लावलेला नाही."

वर चेहरा असा, जणू माझा सत्कारच केला! मी पँट उचलली आणि पाच महिने त्या घराची पायरी चढलो नाही.

मग एके दिवशी मेहुणीचा फोन आला. "भावोजी, यांचे हात थरथरतात हो आता. कपही धरवत नाही."

आधी त्यांनी माफी मागायची, मगच मी पाणी घ्यायचं, असं ठरवूनच गेलो. साडू बाल्कनीत होते. मांडीवर नातीची अर्धवट जीन्स. वजरी हातातून निसटायची, ते पुन्हा उचलायचे. मला पाहून नुसतं "या" म्हणाले. मला ते बघवेना. खाली बसलो आणि वजरी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी कापडावर बोट ठेवलं. "इथं."

मी जोरात घासलं.

"हळू, साडूभाऊ. पोर सतरा वर्षांची आहे. एवढं कुठं झिजली असेल ती?"

मी हात हलका केला. त्यांचं बोट पुढे सरकत राहिलं, मी मागोमाग घासत राहिलो. ते बोट एका जागी ठरत नव्हतं. पण जागा एकदाही चुकली नाही.