कोनं नाव ऱ्हायनं का?

भेस्तानला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा, लूमवर कापड विणणारा एक कारागीर लग्नात माइकवर आहेर पुकारतो. टॉवेल-टोपी देणाऱ्याचंही गाव आणि वडिलांचं नाव घेतो. शेवटी अहिराणीत तीनदा विचारतो, "कोनं नाव ऱ्हायनं का?" कुणाचं राहिलं असेल तर पंगत थांबली तरी चालेल. भुकेने मी त्याला कैकदा शिव्या दिल्यात.

त्याने रचून इंटरनेटवर टाकलेलं एक गाणं कुठल्याशा कंपनीने स्वतःच्या नावाने चढवलं, आणि वर चोरीचा आळ घेऊन त्याचंच काढायला लावलं. महिनाभर तो गुणगुणलासुद्धा नाही.

मग नवं गाणं त्याने वेगळ्याच ठिकाणी ठेवायचं ठरवलं. मला समजावत होता, "सर, ते एकाच्या हातात नसतं. प्रत शेकडो लोकांच्या कॉम्प्युटरवर राहते. नावं एकदा चढली की शेठलाबी पुसता येत नाहीत. कमाई झाली तर ज्याचा वाटा त्याला थेट."

रविवारी सगळे त्याच्या खोलीत जमले. ढोलकीवाला, कोसाडच्या कोरसवाल्या बाया, नुसत्या टाळ्या देणारा शिंपीसुद्धा. प्रत्येकाचं नाव चढलं. बटण दाबण्याआधी त्याने सवयीने विचारलं, "कोनं नाव ऱ्हायनं का?"

मी यादी पाहिली आणि ओरडलो, "तुनं!" जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून 'तुझं'ऐवजी अहिराणी निघाली. मग सगळी खोली ओरडली, "तुनं! तुनं!"

तो लाजला. एका बोटाने त्याने स्वतःचं नाव टाइप केलं, वडिलांचं आणि गावाचंही, आणि बटण दाबलं.

आता पुसा म्हणावं.