ओव्हरटाइमला आईची सही

माझी मुलगी अडीच वर्षांची होती आणि माझ्याशिवाय कुणाजवळ झोपत नव्हती. नेमकी तेव्हाच मला बारामतीच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. ड्यूटी दुपारी बारा ते रात्री आठ. वालचंदनगरच्या कंपनी क्वार्टरमध्ये परतायला साडेनऊ होणार, आणि मुलीची झोपायची वेळ साडेआठ. रुजू व्हायला पंधरा दिवस होते. तोवर पोरीला जमलं नाही तर नोकरी सोडायची, असं घरात ठरल्यासारखंच होतं. अर्थात मला कुणी विचारलं नव्हतं.

नवऱ्याची शिफ्ट फिरती, सासूबाई देवाघरी. उरले सासरे, कंपनीच्या मशिन शॉपमधून निवृत्त झालेले आबा. ते म्हणाले, "आईबिगर न्हाय झोपायची ती. उगा हट्ट करू नगंस." मला नाही म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी कामाला लागले.

आधी बाटलीत पाणी आणि चमकी भरली. हलवून बघत पोर शांत होईल म्हणे. झाकण गळलं आणि आठवडाभर चमकी चादरीत, डाळीत आणि आबांच्या भुवयांत सापडत राहिली. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे चित्रं काढली: दूध, दात घासणं, गोष्ट, दिवा. ती भिंतीवर लावली. पोरीनं दुधाचं चित्र चावून टाकलं.

आबा चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "नुसतं भिताडावर लावून काय उपेग? काम झाल्याचं कळाया नगं का?"

माळ्यावरून त्यांनी एक फळी काढली आणि तिच्यावर खिळे ठोकले. माझ्याच पत्रिकांचे गोल बिल्ले कापून भोकं पाडली. त्यांच्या काळी कंपनीत प्रत्येकाचा पितळी बिल्ला असायचा. काम संपलं की गेटवर आपल्या खिळ्याला तो अडकवायचा. बिल्ला अडकला की माणूस सुटला. आमच्या फळीवर बाहुली, हत्ती, ट्रॅक्टर आणि शेवटी पोरगी, असे चौघांचे खिळे होते. आठ वाजता आबा नाकातून लांबलचक भोंगा वाजवायचे. ट्रॅक्टर पलंगाखाली उभा राहायचा, बाहुलीला दूध मिळायचं, हत्तीचे दात घासले जायचे. जे बाहुलीला आणि हत्तीला, तेच पोरीलाही. मग एकेक बिल्ला अडकवायचा आणि आबांशेजारी आडवं व्हायचं. चौथ्या दिवशी ती माझ्याशिवाय झोपली. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

पाचव्या दिवशी आबांनीच घोळ घातला. ट्रॅक्टरचा खेळ ऐन रंगात आला होता, आणि जन्मभराची सवय तोंडातून बाहेर पडली. "चल, आज ओव्हरटाइम! ओटी!"

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तर पोरगी बिल्ला पाठीमागे लपवून उभी. "आबा, ओटी." तिसऱ्या दिवशीही ओटी. दहा वाजले तरी ट्रॅक्टर घरभर फिरतोय. माझा तोल गेला. सासऱ्यांशी सून बोलत नाही त्या आवाजात मी म्हणाले, "आबा, माझी नोकरी तुमच्या ओटीत जाणार आहे!" मला फार वाईट वाटलं, पण शब्द काही मागे घेतले नाहीत.

पुढच्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. बाहेरून आबांचा जुना फोरमनचा आवाज आला. "ओटीला सायबाची सही लागती."

"सायब कुठाय?"

"ती काय, भाकरी करतीया."

पोरगी बिल्ला घेऊन माझ्यासमोर आली. पिठाचे हात वर धरून मी सांगितलं, "सही मिळणार नाही." तिचा खालचा ओठ थरथरला. मग ती मुकाट्यानं गेली आणि बिल्ला खिळ्याला अडकवला. माझी भाकरी करपली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

रुजू व्हायच्या दिवशी आबांनी फळीवर आणखी एक खिळा ठोकला, माझा. पोरीला समजावलं, "आई कामावर गेली की बिल्ला संगं नेणार. आली की हितं अडकवणार." मी तो पर्समध्ये टाकला. परतीच्या एसटीत साडेआठ वाजले तेव्हा फोन हातात घट्ट धरून बसले होते. लावला मात्र नाही.

घरी पोचले. दार उघडतानाच आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"ओटी मागितली हुती. म्हणलं, सायब बारामतीला हाय, सही कोण करणार? गपगार झोपली."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला होता, जणू नोकरी त्यांनाच लागली होती. मीही हसत सुटले. चार खिळे भरलेले होते, पाचव्यावर मी माझा बिल्ला अडकवला.

सकाळी पोरगी उठली ती माझ्याकडे आलीच नाही. थेट फळीकडे गेली, टाचा उंचावून माझा बिल्ला चाचपला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "आबा, आई सुटली!"