दोन थापडा

आमच्या गावात बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीवर एकच उपाय आहे: दोन थापडा. टीव्हीला, मिक्सरला, न ऐकणाऱ्या पोराला आणि चोराला. टीव्ही कधी कधी खरंच सुरू होतो, त्यामुळे या उपायावरचा लोकांचा विश्वास कोणी ढळवू शकत नाही. थापडा नेहमी दोनच. एक म्हटली तर कमी वाटते आणि तीन म्हटल्या तर कोणीतरी विचारील, अरे, एवढं कशाला? पेडणे तालुक्यात जन्म गेला माझा, पण तिसरी थापड मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

मलाही दोनच बसल्या, असं गाव म्हणतं.

मी हरमलला पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. काही वर्षांपूर्वी माझी स्कूटर नेलेल्या एका परदेशी पाहुण्याचा लॅपटॉप गेला. डिकीत ठेवला होता म्हणाला. डिकीची दुसरी किल्ली माझ्याकडे, म्हणून संशय माझ्यावर. चौकशीसाठी म्हणून चौकीत बोलावलं आणि ठेवूनच घेतलं. मागच्या खोलीत मला पालथं घातलं, पाय वर करून एका लाकडी कदेलीच्या, म्हणजे खुर्चीच्या, पाठीला बांधले आणि तळव्यांवर वेताने मारलं. तळवेच का, तर तिथे खूण राहत नाही. मारून झालं की उभं करून उड्या मारायला लावायचे, सूज बसावी म्हणून. शास्त्र आहे ते. मारणाऱ्याने मला नीट समजावून सांगितलं, माहितगार माणूस होता.

दुपारपर्यंत लॅपटॉप मी चोरला होता. कुठे ठेवला ते मात्र सांगता येईना, कारण चोरलाच नव्हता. म्हणून पुन्हा वेत. मग मी आपण होऊन चोपडे गावातल्या एका होडीचं इंजिन चोरलं, चतुर्थीत कोणाची तरी गेलेली गॅसची शेगडीही चोरली. आणखी थोडा वेळ ठेवलं असतं तर तालुक्यात चोरीची एकही तक्रार शिल्लक उरली नसती.

हे मी असं हसत सांगतो, कारण हसत सांगितलं तर लोक शेवटपर्यंत ऐकतात. त्या खोलीत मी आईला हाका मारल्या. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या हाकांची मला अजून लाज वाटते आणि लाज मलाच वाटावी याचा भयंकर संताप येतो.

लॅपटॉप सापडला. पाहुणा तो समुद्रावरच्या एका शॅकमध्ये विसरला होता आणि मालकाने सांभाळून आत ठेवला होता. साहेबांनी मला समोर बसवलं, चहा मागवला, बुडवायला उंडो, म्हणजे आमचा कडक पाव, दिला आणि म्हणाले, "गैरसमज जालो." घरी आलो तर अर्धा गाव अंगणात. शेजारच्या काकांनी विचारलं, "मारलें?" मी म्हटलं, मारलं. "आणि चा दिलो?" मी म्हटलं, दिला. "मगे बरो मनीस तो," काका म्हणाले आणि साहेबांच्या चांगुलपणावर चर्चा सुरू झाली. तक्रार कर, असंही एकजण म्हणाला. कुठे करायची, असं मी विचारलं तर म्हणाला, चौकीत.

तेव्हापासून सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं मी भिंत धरून टाकतो. मग दिवसभर ठीक चालतं.

यंदा जत्रेच्या तोंडावर देवळातली मोठी पितळी समई गेली. डिचोलीच्या कारागिराने घडवलेली, दोघांना उचलावी लागे अशी. आदल्या दिवशी देवळाच्या आवारातले माड साफ करायला आमचा पाडेली आला होता. हा सावंतवाडीकडचा माणूस, बायकोला घेऊन गावातच एका खोलीत राहतो आणि गावभरचे नारळ पाडतो. माझ्या अंगणातल्या दोन माडांवरही तोच चढतो. बाहेरचा, गरीब आणि आवारात दिसलेला. तपास तिथेच पूर्ण झाला. त्याला उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली की त्याने कबूल केलं: समई त्याने चोपड्याच्या पुलावरून नदीत टाकली.

एवढी जड समई चोरायची आणि नदीत टाकायची, हा धंदा कोणत्या चोराला परवडतो, असं कोणी विचारलं नाही. शिपायांनी पाण्यात जाळं टाकलं, ट्रकचा एक टायर वर आला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, अंगठे आले. "दोन थापडा दिल्या, पोपटासारखा बोलला," असं कोणीतरी लिहिलं. समई मिळेपर्यंत त्याला सोडणार नव्हते. समई मिळण्यासारखी नव्हती. म्हणजे पुढे काय होणार, हे गावात मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याची बायको माझ्या अंगणात आली. बसली नाही.

"भाऊ, थय काय करतत ता तुमका म्हायत. माजो घोव पायांवर पोट भरता. पाय गेले तर आमी काय करूचा? तुमी सगळ्यांका सांगा."

"सांगून झालंय बाई," मी म्हटलं. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. ऐकतं कोण?"

"तुमी हसान सांगतास," ती म्हणाली. "न हसता सांगा."

 ती गेली आणि मला तिचा राग आला. दिवसभर राग राग करून संध्याकाळी कळलं की तो तिचा नव्हता.

जत्रेच्या सकाळी आमच्याकडे गाऱ्हाणं असतं. मानकरी देवापुढे उभा राहून नारळ ठेवतो, गावाच्या वतीने एकेक मागणं मोठ्याने मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. नुसतं म्हणत नाही, गर्जतो. त्यात विचार करण्याची सोय नाही. माणूस "व्हय" आधी म्हणतो आणि कशाला म्हटलं ते जेवताना विचारतो.

चौकीचे नवे साहेब पुढे कदेलीवर बसले होते. साहेब बदलतात, खोली तीच. त्यांच्या मांडीवर शाल होती, शालीवर श्रीफळ. मानकऱ्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकरांनी जो नारळ ठेवलो आसा, तो मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रोगराई गावाच्या शिवेभायर ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्यान तुजी समय व्हरली, तेका सायबाच्या हातान तुवां शिक्षा दिलंस, तशीच यापुढेय दी, म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

माझ्या अपेक्षेपेक्षा ते मोठ्याने निघालं. मानकरी थांबला. गाऱ्हाण्यात "नाय" म्हटलं तर पुढे काय म्हणायचं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं नव्हतं. शेजारचे काका कुजबुजले, "अरे, व्हय म्हण."

मग मी सांगितलं. कदेल, वेत, उड्या, आणि हसत सांगताना मी जे नेहमी गाळायचो ते सगळं. आईला मारलेल्या हाका. कपड्यांतच झालेली लघवी. एकदाही हसलो नाही. साहेब मात्र हसले.

"अहो, असं काही नसतं. दोन थापडा दिल्या की चोर बोलतो, इतकंच."

"दोनच ना, साहेब?" मी म्हटलं. "मग इथेच द्या. गावाला बघू दे दोन किती होतात ते." आणि मी खाली बसलो, पाय लांब केले आणि तळवे त्यांच्या पुढे धरले.

साहेबांच्या पाठीमागे गाभारा होता. हे माझ्या लक्षात आलं नाही, गावाच्या मात्र लगेच आलं.

"देवाकडेन पाय करता!"

सगळं देऊळ उठलं. बायकांनी तोंडं फिरवली. एका माणसाचे तळवे बांधून फोडत होते तेव्हा या गावाने अंगठे पाठवले होते. आज माझे तळवे देवाला दिसले म्हणून गावाचा धर्म बुडाला. मी पाय मागे घेतले नाहीत. देवाने बघावेत असंच मला वाटत होतं.

"आणि समय त्यानंच व्हरली आसली जाल्यार?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"नेली असली तरी," मी म्हटलं. "चोराला कोर्टात उभं करा, तुरुंगात टाका. बांधून मारायचं नाही. मी खरा चोर असतो तरी मला मारायचं नव्हतं."

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. पण गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही, अशी आमची रीत आहे. सुरू झालं की पुरं व्हायला हवं, सगळ्यांच्या होकाराने. त्याशिवाय नारळ फुटत नाही, नारळ फुटल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि मागच्या बाजूला खतखतं निवत होतं. मणगण्याचा वास सभामंडपापर्यंत येत होता. लोक एकदा माझ्याकडे बघत, एकदा स्वयंपाकाकडे. शेवटी मानकरी साहेबांकडे वळला. "सायबा, त्या पाडेलीक दोतोराकडेन व्हरून दाखयात मरे. जेवण थंड जाता."

साहेबांनी सगळ्यांदेखत फोन लावला आणि त्याला तपासणीसाठी म्हापशाच्या इस्पितळात न्यायला सांगितलं. मानकऱ्याने ती शिक्षेची ओळ गाळली आणि म्हटलं, "जो बंदीत आसा, तेकाय सांबाळ, म्हाराजा!" त्यावरचं "व्हय म्हाराजा" कळसाला पोचलं. गावाची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असा माझा दावा नाही. गाव भुकेलं होतं.

डॉक्टरांनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि त्यावर पाडेलीला जामीन मिळाला. खटला चालू आहे. समई अजून सापडलेली नाही. त्याने नेली का, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आहे. कारण म्हणे, देवाकडे पाय केले.

माझ्या दोन माडांवरचे नारळ पिकून आपोआप पडायला लागले. एक स्कूटरवर पडला, पुढच्या पत्र्याला पोचा आला. बायको म्हणाली, दुसरा पाडेली बोलवा. मी नाही म्हटलं.

परवा सकाळी तो आपण होऊन आला. पायात दोरी अडकवली, माडाला मिठी मारली, एक पाऊल वर ठेवलं आणि खाली उतरला. पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरला. मग माझ्या पायरीवर येऊन बसला.

"भाऊ, पाय कदी बरे जातत?"

देवासमोर खरं बोललेला माणूस मी, पण त्या क्षणी खोटं बोलावंसं फार वाटलं. शेवटी म्हटलं, "सकाळी उठल्यावर पहिली पावलं भिंत धरून टाकायची. मग चालतं."

त्याने मान वर करून माडाच्या शेंड्याकडे पाहिलं.

"आणि भाऊ, माडार भिंत खय गावतली?"